चितारलेल्या अस्वलाची आई

ता. ९ फेब्रु. १९५२
सूनबाई लिहिते, मी सांगते. अक्षर तिचं, चुका माझ्या.
उद्या लेकीचा दहावा. जावई घाटावर जाणार, घरी पावणे येणार. येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून रडणार. नात मंगी सहा वर्षांची. तिला एवढंच ठाऊक, की आई दवाखान्यात आहे, बरी होऊन येणार. मीच सांगितलंय. तिच्यासमोर कुणी डोळ्याला पदर लावायचा नाही, हाही माझाच हुकूम. मीसुद्धा पाळते.
उद्या पोरीला न्यावं कुठं? सूनबाई म्हणते, इंग्रजी सिनेमा लागलाय, चितारलेला, पोरांचा.

ता. १०
गेले. लेकीच्या दहाव्याला सिनेमाला म्हातारी! वाटेत शेजारीण भेटलीच.
"काय वो आक्का, सिनेमाला?"
"व्हय की. चल, तुझंबी तिकीट काढते."
तरातरा घरात शिरली.
सिनेमा चांगला. नुसती चित्रं, पण अस्वलाच्या पिल्लाचं पोट श्वासासरशी खालीवर होतं. बर्फावर ते घसरलं तशी मंगी खदाखदा हसली. किती दिवसांनी! बोलणं कळलं नाही, अडलंही नाही. नदीला पूर आला तेव्हा मी पाय वर घेऊन बसले.
खोट म्हणाल तर गाणी फार. पिल्लाला भूक लागत नाही. आणि पुरात वाहून गेलेली त्याची आई शेवटी परत येते, अंगावरचा एक केस ओला नाही! पंचगंगेचा पूर बघितलेला माणूस असलं चितारणार नाही.
मंगी टाळ्या पिटत उठली. "आज्जी, माझी आईबी अशीच येनार, व्हय गं?"
व्हय म्हटलं.
सूनबाईचा हात थांबलाय. लिही गं.

ता. १३
मंगी उंबऱ्यावरून हलत नाही. टांगा वाजला की उभी राहते. जेवणसुद्धा तिथंच.
आज जवळ घेऊन सांगून टाकलं. आई गेली बाळा, आता येणार नाही.
"सिनेमात आली की."
"ते चितारलेलं."
"मग तू व्हय कशाला म्हनालीस?"
माझ्या कुशीतनं निसटली.
पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली.

ता. १५
माझ्याजवळ निजत नाही. सूनबाईला विचारत होती, "मामी, आज्जीचं कुठलं खरं?"
सूनबाई एरवी मला उलटून बोलत नाही. आज बोलली. "आत्याबाई, मानूस गेल्यावर घरात रडतात हे त्या पोरीलाबी ठावं हाय. हितं कुणी रडलंच न्हाई. ती कशी मानंल? तुमी रडा तिच्याम्होरं."
पटलं. दिवेलागणीला मंगीसमोर जाऊन बसले. लेकीचं नाव घेतलं. एकदा, दोनदा. छाती नुसती दगड. इतके दिवस दाबून धरलेलं, आता बोलावलं तर येईना.
मंगी माझ्या डोळ्यांकडं बघत होती. वाट बघत होती.