गाण्याआधीची खिरापत

जुईली,
जरा डोळ्यांसमोर आण. अकोल्याची शाळा, भुलाबाईच्या गाण्यांचा कार्यक्रम, आणि तिसरीतली तुझी आई मंचावर गाणं विसरली आहे, काल तालमीत तू विसरलीस तशीच. समोरून आमच्या शेजारच्या मनकर्णामावशी ओरडल्या, "काहून वं, गप काहून झाली?"

पुढचं सांगतेच, पण आधी हे: मी पुढे सभागृहात जाते आहे, तू शिरा खाऊन आईसोबत ये. सकाळी "मी गाते" म्हणालीस आणि माझा जीव भांड्यात पडला.

तर आई घाबरून म्हणाली, "पैले माही खिरापत ओळखा!" डब्यातली खिरापत गाणी संपल्यावर ओळखायची असते, आणि तिच्याजवळ तर डबाही नव्हता. सगळ्या हसल्या. मग तीही हसली, आणि पहिल्या ओळीपासून अख्खं गाणं म्हणाली.

आजी