दवाखान्यात दाजी मनायचं

फेब्रु. १२, गुरु.
ताईच्या पिशवीत टाकलेले गर्भ परत न्हाई लागले. तिसरी बारी.
लातूरहून सिस्टरचा फोन आला तवा ताई दुकानाच्या मागं कूलरच्या जाळीत गवत भरायली व्हती. "बरं," मनली. फोन ठेवला आन् राहिलेली जाळी भरून काढली. दोरी बी नीट आवळली. मग मोरीत गेली, नळ सोडला. लई येळ नळ चालू.
मामा बाहेर गिऱ्हाईकाला मोटर दाखवायलता. त्याला मीच खुणेनं सांगितलं, न्हाई मनून. मुंडी हलवली त्यानं. गिऱ्हाईकाला मनला, "दोन वर्षाची ग्यारंटी हाय."
सांजच्याला इंजेक्शनची बाटली काढली, हातात धरून चोळत बसले. तेलाचं औषध असतंय, गार टोचलं की गाठ येती. मग ध्यानात आलं, आता द्यायचंच न्हाई. बंद सांगितलंय. ताईच्या कमरेला दोन्हीकडं गाठी हायत. शेकून दिल्या. भिंतीकडं तोंड करून पडली व्हती.

फेब्रु. १५, रवि., महाशिवरात्र
माय आली बिलोलीहून. भगर, रताळं, शेंगाचं कूट, सगळं घेऊन. नांदेडात काय मिळतच न्हाई जणू.
देवळातून येऊन मामाच्या कपाळाला विभूती लावली. "मल्ल्या, धीर सोडू नगं." मग ताईला लावली. तिला काय मनली न्हाई. माय ताईची बी माय हाय का नुसती मामाची अक्का हाय, कवा कवा कळत न्हाई.
मग माझ्याकडं वळली. "कांते, मंगळवारी दवाखान्यात दाजी मनायचं. ध्यानात हाय का?"
हाय. मामा मायचा सख्खा धाकटा भाऊ. मी बोलायला लागल्यापसून मामा मनते. ताई बी लग्नापतुर मामाच मनायची. पर लातूरच्या दवाखान्यात तो दाजी. आन् माय त्याला जावईबापू मनती, अहोजाहो करती. पहिल्यांदा मनली तवा मामाला ठसका लागला व्हता. मामासंग लग्न मनलं की शिकलेले लोक हसतेत आपल्याला, मनून असं करायचं, हे मायनं सांगितलेलं. मला खरं वाटलं. तरी दाजी मनायची लाज वाटती. तिथं मी त्याला हाकच मारत न्हाई.
आमच्यात चालतंय हे. माझं बी धाकट्या शिवामामासंग ठरलंय, पाळण्यात असल्यापसून. अठरा झाले की. मनूनच नववीतून काढलं. "घरातल्या घरात जायचंय, शिकून काय करतीस?" आन् ताईकडं आणून ठेवलं.

फेब्रु. १७, मंगळ., लातूर
सकाळच्या एस्टीनं चौघं गेलो.
डॉक्टर मॅडम मनल्या, गर्भ चांगले होते, पिशवीचं अस्तर चांगलं होतं, मग टिकत का नाही ते बघितल्याशिवाय बर्फात ठेवलेले उरलेले दोन पिशवीत टाकायचे नाहीत. मामा मनला, "सीझनच्या आधी आत टाका न मॅडम दोन्ही बी."
मॅडम मनल्या, "कूलर नाहीत ते."
ताई हसली. किती दिसानं.
मग तपासण्या सांगितल्या. एक, पिशवीत दुर्बीण घालून बघायचं, आतला बारका तुकडा काढून तपासायचा. दुसरी, नवराबायको दोघांचं रक्त. त्यात गुणसूत्रं बघतेत. मॅडम मनल्या, करून कारण सापडेलच असं नाही, पण आंधळेपणानं परत नको. मग पेन थांबवून मनल्या, "मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, परत विचारते. लग्न नात्यातलं नाही ना?"
माय मनली, "न्हाई हो मॅडम. जावईबापू नांदेडचे, आमी बिलोलीचे. मध्यस्थानं जमवलेलं."
असं मनली. भाजीचा भाव सांगितल्यावानी.
मामा पंख्याकडं बघायला. ताई पायाकडं.
मॅडम मनल्या, "ठीक. असतं तर रक्त आधीच केलं असतं, पहिल्या वेळेलाच. कधी कधी एकाच घराण्यातला दोष दोघांत असतो, मग गर्भ दिसायला चांगला असून टिकत नाही. नाही म्हणताय तर आधी पिशवी बघू. रक्ताचं मागाहून."
पहिल्या वेळेलाच.
म्हंजे लोक हसतेत मनून नव्हतं ते. दाजी मनायचं ते ह्याच्यासाठी. आन् मी गप बसून तेच केलं, तीन बारी.
येताना एस्टीत माय शेंगा फोडून खायली. मी मनलं, कामून खोटं बोललीस. मनली, "हळू. लोक हायत." मग अहमदपूर गेल्यावर हातावर शेंगा ठेवल्या. "खा. उपाशी हाईस सकाळपसून."
खाल्ल्या मी. लाज वाटती लिहायला.

फेब्रु. २०, शुक्र.
माय गेली गावाकडं. तीन दिस ताईला कसं सांगू कसं सांगू करून राहिले. मला वाटलं तिला ठाव न्हाई, ती आपली पायाकडं बघत बसती. आज कपडे वाळू घालताना सांगून टाकलं. मनलं, ताई, ते रक्ताचं आधी करायचं असतंय, तुमचं मामा-भाचीचं हाय मनून. मायनं लपवलं.
ताईनं साडी झटकली. मनली, "मला ठाव हाय."
कवापसून?
दुसरी बारी वाया गेली तवापसून. देगलूरकडची एक बाई दवाखान्यातल्या बाकड्यावर भेटली व्हती. तिचं बी मामासंगच. तिनं सांगितलं, आमचं तर आधी रक्तच घेतलं. ताईनं मायला इचारलं. माय मनली, "रक्तात निघालं तर मल्ल्याला दुसरी बघ मनतील लोक. आन् कांतीचं शिवासंग मोडंल. तिला मग कोण करंल? तूच सांग."
मनून तिसरी बारी तशीच घेतली. ठाव असून.
मी मनलं, मला सांगायचं व्हतं.
"तुला सांगून काय झालं असतं?"
मी रोज तिला टोचायचे. ती रोज दात आवळून पडायची. मी मनायचे, झालं बग ताई, ह्या बारीला नक्की. आन् ती हूं मनायची.
माझ्यासाठी केलं मनती. मला इचारलं कुणी? शिवामामासंग मोडलं तर मोडू दे. हे तोंडानं येत न्हाई, हितं लिहिते.

मार्च ३, मंगळ.
दुपारी मामा आन् मी दोघंच दुकानात. ऊन तापायलंय, गिऱ्हाईक वाढलं. मामा मनला, "कांते, दोरी दे."
"घ्या दाजी."
त्याचा हात तसाच राहिला. मनला, "घरात कामून दाजी?"
"तिकडं मनायचं तर हिकडं बी मनते. सवय ऱ्हाईल."
एवढं मोठं मी कवा कुणाला बोलले न्हाई. मला वाटलं मारतो. तो खाली बसला गवताच्या गठ्ठ्यावर. मनला, "मी तर रक्त द्यायला तयार हाव. सुई ती केवढी. पर अक्काला कोण सांगावं? मला न्हाऊ घालून, घास भरवून वाढवलंय तिनं."
मी मनलं, ताईला कुणी वाढवलं?
उठून गिऱ्हाईकाकडं गेला. गिऱ्हाईक नव्हतंच.

मार्च ५, गुरु.
मायचा फोन. "काय बोललीस गं मल्ल्याला? लई शानी झालीस? नांदेडचं पाणी लागलं व्हय?"
म्हंजे मामानं सांगितलं. त्याला एकट्याला बोलले व्हते मी.
माय मनली, "तुज्याच भल्याचं हाय. एकदा घरात दोष हाय मनून नाव पडलं की सात पिढ्या पुसत न्हाई." मग मनली, जेवलीस का.
ठेवला मी फोन.

मार्च १९, पाडवा
गुढी उभारली. श्रीखंड. ताई मनली, ती दुर्बीण करून घेती. तारीख २४. रक्ताचं नाव कुणी काढलं न्हाई. दुर्बीण ताईच्या पोटात, तुकडा ताईचा, भूल ताईला. बाकीचे श्रीखंड खाऊन राहिले.
गल्लीतली माझ्याच वयाची एक दिसली. बारावीची परीक्षा दिली मनं. गुणसूत्राचा धडा कवा व्हता गं, इचारावं वाटलं. आमच्या नववीच्या पुस्तकात शेवटी शेवटी व्हता. तिथवर मी शाळेत नव्हते.

मार्च २४, मंगळ., लातूर
दोघीच गेलो. मामाचा सीझन. मायचं कुणाचं तरी लग्न.
मॅडमनी ताईला उपाशी हाय का, गोळ्या चालू हायत का, सगळं इचारलं. मग मनल्या, "मिस्टर नाहीत आले?"
ताई मनली, "दुकान हाय."
तवा मी बोलले. कशी बोलले ठाव न्हाई. भिंतीवरल्या बाळाच्या फोटोकडं बघत बोलले. "मॅडम, ताईचं लग्न आमच्या सख्ख्या मामासंग झालंय. मायच्या भावासंग."
मॅडमनी पेन खाली ठेवलं. ताईकडं बघितलं.
ताई मनली, "तिचं काय धरताव मॅडम. शाळा सोडलेली हाय ती. तिला काय कळतंय. आमच्याकडं दाजीला बी मामा मनायची रीत हाय."
माझी शाळा कुणासाठी सुटली?
मॅडम मला मनल्या, "तू सांग परत." मला रडूच आलं. रडणाऱ्याचं कोण खरं धरतंय.
पर मॅडमनी दुर्बिणीची तारीख पुढं ढकलली. मनल्या, "खरंखोटं तुमचं तुम्ही बघा. दोघांनी रक्त द्या. नांदेडात पण घेतात. त्याचा निकाल आल्याशिवाय मी ते दोन गर्भ टाकणार नाही." मग मला इचारलं, "तुझं लग्न ठरलंय का कुठं?"
"न्हाई, लहान हाय अजून," ताईच मनली.
एस्टीत ती खिडकीकडं, मी वाटंकडं. आपणहूनच बोलायली. मनली, "दुसरीचा नवरा वंगाळ निघाला तर ती माहेरी जाती. मी कुठं जाऊ? माझं सासर बी तेच, माहेर बी तेच. रक्तात निघालं तर माय तोंड बघणार न्हाई. न्हाई निघालं तर दोष माझ्या एकटीचा. तूच सांग, कोणतं मागू देवाला?"
वाईट वाटलं. पर राग गेला न्हाई. दोन्ही एकदम असतंय, हे आज कळलं.

मार्च २५, बुध.
ताईनं माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढलं. मी बाजूला काढलं.

मार्च २६, गुरु.
मायचा फोन, मामाच्या फोनावर. ताईनंच सांगितलं वाटतंय सगळं. माय रविवारी येणार. मला न्यायला. "तिचं काम संपलं हितलं," असं मनली. मामानं फोन मोठ्यानं लावला व्हता, मनून ऐकू आलं. मी ऐकावं मनून लावला का चुकून लागला, ठाव न्हाई.
ताई भाकरी थापायली व्हती. थापायची थांबली. मग परत थापली.

मार्च २८, शनि.
सकाळी उठले तर घरात कुणीच न्हाई. गाडी बी न्हाई. चहा दोघांनी पिलेला, कपं मोरीत. दुकानाचं शटर खाली, सीझनात, शनिवारी.
कुठं गेले? रक्त द्यायला गेले का बिलोलीला मायचे पाय धरायला गेले? दोन्हीला जाताना माणूस न सांगताच जातंय.
गिऱ्हाईक आलं, "मालक कुठंयत?" मनलं ठाव न्हाई. मग मीच शटर निम्मं वर केलं, त्याला गवत दिलं, एक पंप दिला. कसा बसवायचा ते बी सांगितलं. नीट बोलता आलं.
मायचा फोन. "मल्ल्या उचलंना गेलाय. तुजी ताई बी उचलंना. कुठं हायत गं ते?"
ठाव न्हाई मनलं.
"खरं सांग."
मी मनलं, माय, तू खरं मागायलीस?
तिकडं कोंबडी वरडायली, ऐकू येत व्हती. मायनंच ठेवला.
दुपार झाली. अजून आले न्हाईत. दोघांच्या भाकरी झाकून ठेवल्या. माझी मी खाल्ली.