बांध शेतात धरत नाहीत

२ एप्रिल
आजपासून रासायनिक बंद. टोटल. हळद निघाली, रान मोकळं आहे, याहून चांगला मुहूर्त नाही. कुपवाडला दुसऱ्याच्या लेथवर घाम गाळून स्वतःचं वर्कशॉप उभं केलेला माणूस मी. युरिया सोडणं म्हणजे तंबाखू सोडण्याइतकं सोपं. (तंबाखू जूनपासून.)
धाकटा भाऊ नाथाजी शेजारच्या रानातून ओरडला, "दादा, आता हळदीला अंगारा लावणार व्हय?" हसून सोडलं. त्याला व्हिजन नाही.

५ एप्रिल
बिराप्पाशी ठरलं. जतकडचा मेंढपाळ. पंधरा तारखेपासून माझ्या रानात मेंढरं बसवणार. रात्रभर कळप रानात, लेंड्या-मूत जागच्या जागी. बदल्यात ज्वारी. याहून सेंद्रिय काय असतं?
त्यानं विचारलं, "मालक, रानात कुठं औषध न्हाई न्हवं? मागल्या साली एकाच्या शेतात माझी कोकरी गेली." मी म्हणालो, "अरे, सेंद्रिय रान आहे हे!" हात आपोआप छातीवर गेला.

८ एप्रिल
१८ तारखेला सेंद्रिय गटाची शिवारफेरी माझ्याच रानात. लोक फोटो काढणार. अडचण एकच. बांधावरची हरळी. गुडघाभर.

१० एप्रिल, सकाळ
खुरपं घेऊन स्वतः बसलो. श्रमाला लाजत नाही. कंबरेनं साथ दिली नाही.

संध्याकाळ
सांगलीहून तणनाशक आणलं. आमच्या आष्ट्यात ओळखीचे फार. फक्त बांधाला मारलं. बांध शेतात धरत नाहीत. आणि शेवटचंच. मन जरा खात होतं, म्हणून पंप तीनदा धुतला.

११ एप्रिल
बिराप्पा आधीच आला! कळप, घोडी, बायको हरणाबाई, सगळं बिऱ्हाड. खरं सांगणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा. बाहेर पडलं, "बांधाकडे मेंढरं नेऊ नका, तिथं नाग आहे."
मेंढरं वाचली म्हणजे झालं. कारण कुठलं का असेना.

१२ एप्रिल
हरणाबाईनं नागाला लांबून भंडारा उधळला. मला म्हणाली, "राखणदार असतोय, आण्णा. नशीब लागतंय." तिचं बघून माझी बायको दुधाची वाटी ठेवून आली. मला चहा अर्धा कप.
रात्री जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.

१४ एप्रिल
सलूनमध्ये. तोंडावर टॉवेल. माझे कान तिखट. शेजारच्या गाळ्यातली मशीन बिघडली तरी आवाजावरून ओळखायचो. टॉवेलखालून ऐकलं, "त्या सेंद्रियवाल्याचा बांध पिवळा पडाय लागलाय रं." दुसरा म्हणाला, "नागानं फुंकर मारली आसंल, गड्या." मग हशा.
माझ्याबद्दल नसावं. सेंद्रियवाले आष्ट्यात बरेच आहेत.

१५ एप्रिल
सांगून टाकावं म्हणून बिराप्पाच्या पालावर गेलो. त्यांनी भाकरी वाढली. खाता खाता कसं सांगणार? उद्या.

१६ एप्रिल
एक कोकरू बांधावर गेलं. कोकराला नागाचं काय? दुपारी आडवं पडलं. तोंडाला फेस, पाय थरथरताहेत. जनावरांचे डॉक्टर धावत आले. बिराप्पा सारखा म्हणत होता, "नागानं डसलंय सायेब, नागानं." डॉक्टर सर्पदंशाचं इंजेक्शन काढायला लागले. मग म्हणाले, "नाग बघितला कुणी?"
सगळे माझ्याकडे वळले. बायकोही.
मी चप्पल घातली. काढली. म्हणालो, "नाग नाही. तणनाशक आहे."
"कुठलं?"
गोठ्याच्या वळचणीतून बाटली काढून दिली. डॉक्टरांनी हातातलं इंजेक्शन ठेवलं, दुसरं घेतलं. हरणाबाई कोकराचं डोकं मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत राहिली. एक शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

१७ एप्रिल
कोकरू उठलं! पाणी प्यालं. डॉक्टर म्हणाले, नेमकं काय ते वेळेत कळलं म्हणून वाचलं. म्हणजे एका अर्थी मीच वाचवलं. हे बायकोला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आवं, निदान आज तरी गप बसा." आणि आत गेली.
गटानं शिवारफेरी पुढे ढकलली, कारण म्हणे माझी तब्येत. गटातून फोन आला, "तब्येतीची काळजी घ्या." मला काहीही झालेलं नाही.

१८ एप्रिल
बिराप्पानं तळ हलवला. कुठं? नाथाजीच्या ऊस तुटलेल्या रानात! पळत गेलो. म्हणालो, "अरे, तो वर्षभर युरिया टाकतो, फवारण्या करतो!"
बिराप्पा घोडीवर भांडी बांधत होता. आवाज चढवला नाही. "व्हय मालक. पर कुठं मारलंय, कवा मारलंय, ते त्यो तोंडानं सांगतोय. तेवढी जागा आमी सोडतो."
ज्वारी पुढे केली. घेतली नाही.

संध्याकाळ
बांधाशी उभा होतो. पलीकडे मेंढरं बसलेली. सगळं खत नाथाजीच्या जमिनीत. यंदा त्याचं रान माझ्यापेक्षा सेंद्रिय होणार, आणि त्याला पत्ताही नाही.
कोकरू दिसतंय का बघावं म्हणून पलीकडे पाय टाकला. हरणाबाईनं तिकडून हात वर केला.
"तितंच थांबा, आण्णा. बुजत्यात."