भावाच्या धनुष्यातली गाठ

रायपूर, रविवार संध्याकाळ

आज सकाळी पूजेनंतर धाकट्या भावाने बनवलेलं धनुष्य हळूच ताणून पाहिलं. गाठीपाशी करकरलं. लाकडात गाठ असली तर तिथे जास्त जाडी ठेवायची असते. त्याने शेवटच्या आजारपणात, मुलीचं धनुष्य सुंदर दिसावं म्हणून, ती गाठच तासून गुळगुळीत केली. धनुष्य तोडायला मी करवत काढली.

"बडे पापा, तीर तो मैं इसी से चलाऊँगी. पापा ने बनाया है," पोरगी म्हणाली.

"भिंतीवर टांगून ठेवा न, काहून तोडून राहिले?" ही म्हणाली.

टांगलं तरी पोरगी काढणारच. ओढेल, आणि ते तिच्या तोंडावर तुटेल. बाप तर गेला, आता डोळाही जायचा? ती गुळगुळीत गाठ... किती मायेने घासली असेल त्याने. रामाला हात जोडले आणि त्या गाठीवरच करवत चालवली.