सरावाची लायब्ररी वर चढली त्याची गोष्ट

जळगाव,
दि. १२ डिसेंबर १९९३

ति. सुनंदाअक्कास,

पितांबरचा सविनय जयभीम. रतिलालभाऊजींनाही सांग. इकडे सर्व कुशल आहे (म्हणजे माझी नोकरी अजून आहे, एवढंच कुशल). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची स्कूटर आता किक मारून सुरू होते, की अजून कॉलनीतली पोरं गोळा करून ढकलावी लागते? छोटीला दात आले असतील. धुळ्याला थंडी फार, तिला कानटोपी घालत जा. एवढं विचारून झालं, आता माझ्या फजितीकडे वळतो. तिचा एक तुकडा पोस्टाने तुझ्या घरी येऊन गेलाच आहे.

आमच्या पंपांच्या कंपनीत मोठा कॉम्प्युटर आला, हे मी तुला गेल्या पत्रात लिहिलं होतं. फ्रिजएवढा आहे, आणि त्याला माणसांपेक्षा जास्त गारवा लागतो (त्यामुळे उन्हाळ्यात सगळे साहेब काही ना काही विचारायच्या निमित्ताने आमच्या खोलीत येतात). त्याच्या पोटात लायब्रऱ्या असतात. वाचनालय नव्हे, फायलींची कपाटं म्हण. कोणतंही काम सुरू झालं की त्या कामाबरोबर लायब्रऱ्यांची एक यादी असते. एखादी फाइल मागितली की मशीन यादीत वरून खाली शोधत जातं, आणि त्या नावाची फाइल पहिल्यांदा जिथे सापडेल ती घेऊन मोकळं होतं. खाली दुसऱ्या कपाटात खरी फाइल असली तरी तिकडे ढुंकून पाहत नाही. तू मला लहानपणी शेजारी विरजण आणायला पाठवायचीस आणि मी पहिल्याच घरचं आंबट ढाण विरजण घेऊन यायचो, तसंच.

तर मी शिकण्यासाठी एक सरावाची लायब्ररी केली. त्यात विक्रेत्यांच्या पत्त्यांची, खऱ्या फायलीच्याच नावाची एक फाइल केली. भरायला खोटी नावं पाहिजे होती. मला कुठली सुचणार? वरणगावची रुक्माआत्या, चिंधाकाका, बेबामावशी, चाळीसगावचे आपले आबा, आणि तू, असे सगळे मी खऱ्या पत्त्यांसकट पंपांचे विक्रेते करून टाकले. (रुक्माआत्याला मी जिल्ह्याची एजन्सी दिली. शोभते तिला.) सराव करायचा तर ही लायब्ररी यादीत सगळ्यात वर हवी. पण यादी फक्त चालू कामापुरती बदलली, तर कामातून बाहेर पडलं की बदल गेला. सकाळी पुन्हा तेच. मला आला कंटाळा. मी कामाच्या मूळ सेटिंगमध्येच जाऊन ती वर बसवली. ते सेटिंग आमच्या अख्ख्या ऑफिसाचं एकच आहे, हे मला माहीत होतं, पण ते आठवायची वेळ चुकली.

पुढच्याच आठवड्यात टायपिस्ट कुंदाबाईंनी विक्रेता मेळाव्याच्या कार्डांवर चिकटवायची लेबलं छापली. मशीनने वरून शोधलं, पहिली सापडली ती फाइल घेतली, आणि कंपनीची जाडजूड सोनेरी कार्डं, 'सहकुटुंब यावे' असं लिहिलेली, आपल्या गोतावळ्यात पोचली.

आपली माणसं काय म्हणतील? पितांबरचं लग्न साहेबाच्या पोरीशी ठरलं! मेळाव्याच्या दिवशी रुक्माआत्या पातेलंभर भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन दारात उभी. बेबामावशी मुलीकडच्यांचं दार कोणतं ते शिपायाला विचारत होती. विक्रेते म्हणावे तर कुठून तरी उडत उडत ऐकून आलेले तिघे. आमचे मॅनेजर रुपचंदसाहेब व्यासपीठावर पंपाच्या अडचणी सांगा म्हणाले, तर चिंधाकाकाने माइक हातात घेऊन विजेच्या खात्यापासून सुरुवात केली आणि पोराला पर्मनंट करा इथे आणून संपवलं. साहेबांनी मला बाजूला घेऊन झाप झाप झापलं. (भरीत मात्र दोनदा घेतलं.) सध्या मी कॉम्प्युटरच्या खोलीतून स्टोअरमध्ये आहे. वायसर मोजतो.

पण अक्का, हे सगळं मी ज्यासाठी लिहितोय ते वेगळंच आहे. आबा पहिल्या रांगेत बसले होते. दाढी केलेली, धुवट धोतर, नवी टोपी. तू भाऊजींशी कोर्टात लग्न केलंस तेव्हापासून त्यांनी पोटच्या लेकीचं नाव तोंडातून काढलेलं नाही, हे तुला मी काय सांगू. पण त्यांना वाटलं होतं, मी मुद्दाम सगळ्यांना बोलावून तुमची गाठ घालतोय. शेजारची खुर्ची त्यांनी उपरणं टाकून धरून ठेवली होती. बेबामावशी बसायला गेली तर तिला उठवलं. आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "बठ्ठा उनात, मनी सुनंदा कोठे शे?"

सगळे आले होते, तू तेवढी नव्हतीस. मी पाणी आणायला म्हणून निघून गेलो.

मग चहा आला. आबांनी एक घोट घेतला आणि थांबले. "मी बिगर साखरना पेस, हाई आठे कोणले ठाऊक?" मला वाटलं, आचारी साखर विसरला. संध्याकाळी आमचा वॉचमन वना म्हणाला, फाटकाशी एक बाई आली होती, कडेवर लेकरू, हातात आपलं कार्ड. आत बघत उभी राहिली. आत चला म्हटलं तर नको म्हणाली. पहिल्या रांगेतल्या टोपीवाल्या बाबांना चहा बिनसाखरेचा द्या, एवढं सांगून धुळ्याच्या गाडीला गेली.

अक्का, तू फाटकापर्यंत आलीस आणि परत गेलीस. मला फार वाईट वाटलं गं. तुझ्यात आणि त्या खुर्चीत वीसएक पावलं राहिली होती.

आबा अजून माझ्याकडेच आहेत. त्यांचा गुडघा धरला आहे, डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलंय. तब्येतीला बघायला म्हणून तू येत्या रविवारी येऊन गेलीस तर बरं होईल. भाऊजींना माझा नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा धाकटा भाऊ,
पितांबर

ता. क. गुडघ्याला काही झालेलं नाही. आज सकाळी मेहरूण तलावापर्यंत चालत गेले आणि रिक्षा न करता परत आले. चाळीसगावला सोडून येऊ का म्हटलं की गुडघा धरून बसतात. आणि कुठल्या डॉक्टरांना दाखवलेलंही नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तर आबा मागे येऊन उभे राहिले. कोणाला लिहितोस विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, आणखी जागा असेल तर लिही, आणि मी सांगतो तसंच लिही, तुझं घालू नको. म्हणून त्यांचंच लिहितो: "तिले लिख, ते कार्ड मशीननी धाडं व्हतं. आते मी बलाई राह्यनू. नातीले संगे लई ये. जवाईले बी."