धक्क्यावर रमतगमत

३ नोव्हेंबर
उद्यापासून दुकान बंद केल्यावर धक्क्यावर फिरायला जायचं. रमतगमत. माणसाला मोकळी हवा लागते. मुलगी धक्क्यावरच्या बोटींच्या ऑफिसात कामाला आहे आणि त्याच सुमारास सुटते, हा निव्वळ योगायोग.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हो का?" तिचा हा 'हो का' मला पटत नाही.

४ नोव्हेंबर
खुलासा, स्वतःपुरता. मुलीशी माझं भांडण झालेलं नाही. चष्म्याचं चालतं दुकान तिच्या हवाली करत होतो. ती म्हणाली, मला नको, मला पाण्याजवळ काम करायचंय. मी म्हणालो, "मग तिकडेच राहा." बोलण्याची एक पद्धत असते! हिनं लगेच बॅग भरली. आता मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते.
पहिलं पाऊल तिनं टाकायचं. वडिलांनी टाकलं की मुलं डोक्यावर मिरे वाटतात.
आज गेलो नाही. गिऱ्हाईक होतं. म्हणजे नव्हतं, पण आलं असतं तर?

६ नोव्हेंबर
गेलो. आभाळ गच्च, पाणी काळपट, बोटी नुसत्या डुगडुगतायत. बाकावर बसलो. उठलो. कठड्याला रेललो. पुन्हा बसलो. निवांतपणाला फार मेहनत पडते.
चष्मा घरीच होता. माझी नजर अजून उत्तम आहे. लांबून लाल जाकीट दिसलं. तिचंच. जाकीट भरभर चालत होतं म्हणून मीही भरभर, पण रमतगमत. शेवटी जाकीट वळलं आणि म्हणालं, "काका, काही काम होतं का?" कोणी तरी भलतीच बाई. मी विचारलं, "किती वाजले?" ती माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

७ नोव्हेंबर
चष्मा लावून गेलो. क्षितिज बघायला. ती ऑफिसच्या दाराला कुलूप लावत होती. वाक्य तयार होतं: "अरे, तू इथे कशी?" सहज, खेळकर. सकाळी दाढी करताना घोटलेलं. ती वळली आणि माझे पाय आपोआप बोटींच्या वेळापत्रकाच्या मोठ्या पाटीमागे गेले. या वयात पायांचा भरवसा नाही.
वाळलीय. जेवत नसणार. मैत्रिणीला स्वयंपाक येतो की नाही कोण जाणे. मला काय त्याचं.

१० नोव्हेंबर
रोज जातोय. पाटीमागची हवा विशेष चांगली आहे. उद्या मात्र बोलणारच. काळ्या दगडावरची रेघ.

११ नोव्हेंबर
पाऊस. रेघेवरही पडला.
छत्री नेली नव्हती, कारण छत्री घेऊन कोणी सहज फिरत नाही. ती बाहेर आली, पाटीच्या पलीकडे येऊन थांबली. दोघांच्या मध्ये फक्त पत्रा. बराच वेळ पाण्याकडे बघत उभी. एकदा वाटलं, पुढे व्हावं. पण तिला कोणाची तरी वाट बघायची असेल, उगाच मध्ये कशाला जा? मग ती गेली. मी पार भिजलो.

१२ नोव्हेंबर
ताप. सर्दी. अंथरुणात. संध्याकाळी मुलीचा फोन आला, बायकोला. बायको दारात उभी राहून बोलत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ती म्हणतेय, ती पाटी खालून उघडी आहे. पहिल्या दिवसापासून तुमचे बूट दिसतायत. ऑफिसातले सगळे विचारतात, आज बूट आले का? ती रोज थोडं थांबते आणि मग निघते. आज बूट दिसले नाहीत, म्हणून फोन केलाय."
मी ठणकावून म्हणालो, "तिला सांग, ते माझे बूट नव्हते."
बायको म्हणाली, "तुम्हीच सांगा," आणि फोन माझ्या कानाला लावला.
तिकडून आवाज आला, "बाबा, बोला."
मी शिंकलो. पुन्हा शिंकलो. ती हसायला लागली. थांबेचना. एवढंच बोलणं झालं.