अर्धी गोळी

अब्बा, अम्मी गेल्या महिन्यात गेली. तुमच्या कबरीजवळ जागा उरली नव्हती, तिला चार रांगा सोडून दफन केलं, असं जाऊन आलेल्यांनी मला सांगितलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तेवढ्या काळात शहराचं नाव बदललं, आपली गल्ली तीनदा खणून झाली, आणि जिथं तुमची भट्टी होती तिथं मोबाइलचं दुकान आलं. मी अजून त्याच हॉस्पिटलात आहे, आता वॉर्डची मोठी सिस्टर म्हणवते. पण हे कळवायला मी लिहायला बसलेली नाही. एक गोष्ट अम्मी असेपर्यंत कागदावर उतरवायचीही मला भीती वाटायची, कारण माझं कपाट तीच आवरायची. आता कपाट आवरणारं कुणी नाही.

उजाडायच्या आधीच्या नमाजला, फजरला, तुम्ही आम्हाला हाक मारून कधी उठवलं नाही. खाली भट्टी, वर आपल्या दोन खोल्या. पहिली खेप तंदुरातून काढून, नानवर गुळ-हळदीचं पाणी फिरवून झालं की तुम्ही मशिदीत जायच्या आधी जिना चढून वर यायचे आणि माझ्या पायाचा अंगठा धरून हलवायचे. डिसेंबरच्या थंडीत तुमचा हात तंदुरासारखा गरम असायचा. "उठ माय, वक्त चाललाय." एवढंच. तुम्ही पिशोर गावचे, मराठी बोलतच मोठे झालेले. अम्मी शहरातली, तिची दखनी. घरात दोन्ही चालायचं, पण पहाट मात्र मराठीत व्हायची.

मी बारा वर्षांची असेन. एकदा तुम्ही अंगठा हलवून गेलात आणि मी गोधडी ओढून पुन्हा झोपले. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "पढली का?" मी म्हटलं, "हो, पढले." तुम्ही माझ्या पायांकडे पाहिलंत. नमाजाआधी हातपाय धुऊन वजू केलेली असती तर पाय ओले असते, निदान धुतलेले दिसले असते. माझे पाय कोरडे होते आणि घोट्यावर आदल्या दिवशीची धूळ तशीच होती. तुम्ही रागावला नाहीत. नानची टोपली उचलत म्हणालात, "नाय पढली तर नाय पढली म्हन. त्याचं तू आन अल्लाह बघून घ्याल. पन माझ्याशी खोटं बोललीस, त्याचं मी काय करू?" मी दिवसभर जेवले नव्हते.

लग्न मोडून मी परत आले त्या दिवशी गल्लीतल्या बायका आपल्या दारावरून मुद्दाम दोनदोनदा जात होत्या. अम्मी स्वयंपाकघरात पीठ मळत रडत होती. तुम्ही मला एक शब्द विचारला नाही. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटतेय. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माझा अंगठा हलला. "उठ माय, वक्त चाललाय." मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. त्या फजरला सजद्यात डोकं टेकवलं आणि बराच वेळ वर उचलता आलं नाही. नंतर सकाळची ड्यूटी लागायची तेव्हा नमाज झाल्यावर तुम्ही मला स्कूटरवर सोडायचे. शहागंजच्या घड्याळापाशी रस्ता झाडणाऱ्या बाया, दुधाच्या गाड्या, भडकल गेटच्या कमानीखाली अजून अंधार. मागं बसून मी तुमच्या सदऱ्याचा वास घ्यायची. पिठाचा आणि धुराचा.

मग तुमच्या छातीत दुखलं. भट्टी दुसऱ्याला चालवायला दिली, तुम्ही वरच्या खोलीत आलात आणि रोज पाच गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलातले, मी समोर उभी होते. ते म्हणाले, "चाचा, सहा-सात तास सलग झोप पाहिजे. पहाटे थंडीत बाहेर पडायचं नाही. नमाज घरीच, आरामात उठल्यावर."

"उठल्यावर म्हंजी किती वाजता?"

"सात, साडेसात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "सात वाजता कोणती नमाज असती गं?"

त्या गोळ्यांनी तुम्हाला गुंगी यायची. आयुष्यात कधी गजर न लावलेला माणूस, तुमची फजर आठवड्यात दोनदा चुकली. त्याची तुम्हाला इतकी धास्ती बसली की तुम्ही झोपणंच सोडून दिलं. पलंग सोडून खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीत तसबीहची माळ घेऊन बसायचे, अजान होईपर्यंत. पाय सुजायला लागले. दम लागायला लागला. डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी लिहून दिली, ती तुम्ही हातात घेऊन बघितली आणि खिडकीतून टाकून दिली.

मी म्हटलं, "अब्बा, आजाऱ्याला सवलत आहे. जाग येईल तेव्हा पढली तरी अल्लाह कबूल करतो."

"आजारी हाय, मेलो नाय."

"असंच चाललं तर मराल."

"झोपेपेक्षा नमाज बरी, हे अजानीत रोज सांगत्यात. तू नर्स झाली म्हणून आता उलटं सांगती व्हय?"

अम्मी मध्ये पडली म्हणून ते भांडण थांबलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होते. अम्मी मगरिबच्या नमाजला बसली होती. मी तुमच्यासाठी दूध गरम केलं, साखर नेहमीपेक्षा जास्त घातली, आणि पाकिटात उरलेल्यांपैकी अर्धी गोळी चमच्याच्या पाठीनं चुरून त्यात ढवळली. हाताला सवय होती. दिवसाला पन्नास गोळ्या मी पेशंटच्या तळहातावर ठेवते. रात्री जेवण झाल्यावर तो ग्लास तुम्हाला आणून दिला. तुम्ही "बिस्मिल्लाह" म्हणून प्यालात आणि खुर्चीत बसल्याबसल्या झोपी गेलात. आम्ही दोघींनी तुम्हाला पलंगावर आडवं केलं. अम्मी म्हणाली, "आज कैसे सो गये देख, अल्लाह का करम."

सकाळी ऊन भिंतीवर आलं तेव्हा तुम्ही उठलात. भिंतीकडं बघत राहिलात. "अजान झाली होती?"

"झाली."

"मला ऐकू नाय आली."

तुम्ही वजू करून राहिलेली नमाज कजा पढलात. तेव्हा मला वाटलं, दोन-चार दिवसांत सवय होईल. मी रोज रात्री तसंच दूध देत राहिले. तुमचा चेहराही भरल्यासारखा दिसायला लागला, पायांची सूज उतरली होती. मी माझ्या वहीत तुमचं बीपी लिहीत होते आणि आकडे चांगले होते. पाचव्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "तू तर उठतीस ड्यूटीला. मला हलवत जा." मी "बरं" म्हटलं. सहाव्या दिवशी मी तुम्हाला न हलवता तयार झाले, डबा भरत होते, आणि तुम्ही जागे झालात. उजाडून गेलं होतं.

"हलवलं नाय?"

"हलवलं, अब्बा. तुम्ही उठलाच नाही."

तुम्ही माझ्याकडं पाठ करून बसलात. मग बोललात, ते मला बोलत होता की भिंतीला, मला माहीत नाही. "पन्नास वर्सं मला कुणी उठवलं नाय. त्यानं उठवलं. भट्टीत तापानं फणफणलेला असलो तरी उठवलं. आता त्यानं मला बोलवायचं बंद केलं. काय चुकलं माझं, तेवढं तरी कळाया पाहिजे व्हतं." तुमचे खांदे हलत होते. मी तुम्हाला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. त्या वेळी सांगायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि ड्यूटीला निघून गेले. आणि त्या संध्याकाळी पुन्हा ओट्याशी उभी राहून गोळी चुरली.

आठव्या दिवशी, तोवर तुम्हाला झोपू देणाऱ्या अम्मीला तुम्ही शपथ घातलीत. "काही झालं तरी मला फजरला उठव, तोंडावर पाणी मार, पण उठव." तिनं मला सांगितलं नाही. पहाटे तिनं खरंच पाणी मारलं, तुम्हाला धरून बसवलं. तुम्ही खूश झालात म्हणे. "अजान ऐकू येतीय," म्हणालात. तिचे गुडघे दुखायचे, ती पलंगाला धरून उभी राहिली आणि तुम्ही एकटे मोरीकडं गेलात. मला जाग आली ती तिच्या किंकाळीनं. तुम्ही मोरीच्या उंबऱ्यात आडवे पडला होता, एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. नर्सला तो पाय बघून कळतं काय मोडलंय ते. तुमची जीभ जड होती, डोळे धड उघडत नव्हते, आणि ते पडल्यामुळं नव्हतं.

कॅज्युअल्टीत ड्यूटीवर नवा डॉक्टर होता. माझ्याशी आदरानं बोलत होता. कागदावर लिहीत त्यानं विचारलं, "सिस्टर, झोपेची वगैरे काही गोळी चालू आहे का यांना?" अम्मी शेजारच्या बाकावर होती. मी "नाही" म्हटलं. त्यानं ते लिहून घेतलं. मी त्याचं पेन कागदावर फिरताना पाहिलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय कमजोर, म्हणून भूल द्यायला कुणी तयार झालं नाही. तुम्हाला घरी आणलं. मी बिनपगारी रजा काढली. दीड महिना तुम्ही त्या पलंगावर होता, आणि तेवढा दीड महिना मी तुम्हाला रोज फजरला उठवलं. तुमच्या बऱ्या पायाचा अंगठा धरून. तो थंडगार असायचा. पाण्यानं वजू करता येत नव्हती म्हणून मी ताटात स्वच्छ माती धरायची, तुमचे हात त्यावर टेकवायची, मग तेच हात धरून तुमच्या चेहऱ्यावरून फिरवायची, मग मनगटांवरून. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांचा वास खोलीत होता. तुम्ही पडल्यापडल्या, पापण्यांनी वाकून नमाज पढायचे.

एकदा मी असंच ताट घेऊन बसले होते. बाहेर अजून अंधार होता, अम्मी झोपलेली. तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून म्हणालात, "दूध कडू लागायचं, माय."

माझ्या हातातलं ताट कलतं झालं, थोडी माती चादरीवर सांडली. मी वाट बघत राहिले. तुम्ही आणखी काही विचारलंत तर मी सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं. तुम्ही विचारलं नाही. हात पुढं केलेत. "चल, वक्त चाललाय." मी तुमचे हात मातीवर टेकवले. पुढं नऊ-दहा दिवसांनी एका दुपारी तुमची छाती भरून आली आणि तुम्ही गेलात. कडू लागत होतं तर पीत का होता, हे मला तुम्हाला विचारायचं राहिलं. माझ्या हातचं म्हणून की काय, तेही मला नीट ठरवता येत नाही.

पण हे पत्र त्या दुधासाठी नाही. ते तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला माहीत नाही ते यानंतरचं. तुमचा चाळिसावा दिवस झाल्यावर अम्मी एकदा भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "मैंच उठाई उनकू." मीच उठवलं त्यांना. मग ती हे म्हणतच राहिली. ईदला म्हणाली. माझ्या वाढदिवसाला म्हणाली. शेजारणींना सांगायची, "नै उठाती तो आज रहते." फजरला उठणं तिनं सोडून दिलं होतं. ती वेळ आली की कूस बदलून भिंतीकडं तोंड करायची आणि उजाडेपर्यंत तशीच पडून राहायची. चौदा वर्षं, अब्बा. मी तिच्या गुडघ्यांना तेल लावायची, केस विंचरायची, डॉक्टरकडं न्यायची, "तुझा काय दोष गं" म्हणायची. तिला बरं वाटेल असं एकच वाक्य होतं आणि ते माझ्याजवळ होतं. शेवटच्या आठवड्यात तिला बोलायला त्रास होत होता. तिनं माझं बोट धरलं आणि विचारलं, "वो मेरेकू माफ करींगे क्या गे?" मी म्हटलं, "करेंगे, अम्मी." तिला गुन्हेगार ठरवूनच मी तिला निरोप दिला.

आता घरात मी एकटी. फजरच्या आधी जाग येते, गजर लागत नाही. कधी पढते, कधी नमाजाचा मुसल्ला पसरून नुसती बसते. मी रोज माणसांना सांगते, गोळी घ्या, बरं वाटेल, आणि लोक माझा हात बघून विश्वासानं घेतात.

हे कुठं पाठवायचं नाही, त्यामुळं उरलेलं लिहून टाकते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुमचं हृदय सांभाळायचं होतं, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते पाठ झालं. पण रजा न घेता मी त्या महिन्यात सलग सकाळच्या ड्यूट्या करत होते, खोलीच्या पलीकडच्या टोकाला माझी गादी होती, आणि तुम्ही खुर्चीत हललात की ती खुर्ची वाजायची. तुमच्या हृदयाचं नंतर सुचलं. त्या संध्याकाळी ओट्याशी उभी असताना माझ्या मनात एवढंच होतं की आज मला झोप मिळू दे.